तीनशे बारावा चमचा

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. गळ्याची शपथ, डोळ्यांची शपथ, आणि कुणाला तेवढ्यानं पुरत नसेल तर माझ्या नव्या कवळीची शपथ, कारण तिच्याइतकं जपून मी सध्या काहीच वापरत नाही. घरचे म्हणतात आजीच्या गोष्टीत मांजराचा वाघ होतो. होत असेल. ती पोरांना झोपवायच्या गोष्टीतली मांजरं. हे माझ्या कामाचं आहे, आणि कामात मी जन्मात कधी इकडचा आकडा तिकडे केला नाही. लिहून घ्या हवं तर.

सकाळचे नऊ वाजले असतील. नात टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती, मी चष्मा शोधत होते, तो कपाळावरच होता. मी ज्या संस्थेत तेहतीस वर्षं घासली त्याच संस्थेत, त्याच रक्ताच्या विभागात ही आता संशोधन करते. संस्थेला म्हणे पंच्याहत्तर वर्षं होतायत, तर जुन्या जिवंत माणसांची माहिती भरून मागितलीय. पेपर किती छापले, आणि जगानं त्यांचा हवाला किती वेळा दिला. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात आपला पेपर दाखवला की एक सायटेशन. आमच्या वेळी हे मोजायला कुणाला सवड नव्हती, आता यंत्र बसल्या जागी मोजून देतं, आपण मेलो तरी मोजत राहतं. "आजी, सत्तेचाळीस पेपर!" नात ओरडली. "आणि सायटेशन्स दोन हजार तीनशे अठरा! अगं आमच्या विभागप्रमुखांचीसुद्धा एवढी नाहीत!" खरं सांगते, माझ्या पोटात असं ऊन ऊन काहीतरी उतरलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला कोण काय देतं? मी खुर्चीत जरा ताठ बसले. दोन हजार तीनशे अठरा माणसं एका मैदानात उभी केली तर केवढं मैदान लागेल असा हिशेब मनात चालू झाला, आणि ती सगळी माझ्याकडे तोंड करून उभी. मग नात म्हणाली, "हं."

एवढंच. त्या "हं"नं माझा दिवस नासवला. दिवस कसला, मागची सगळी वर्षं. डॉक्टर रिपोर्ट वाचताना असं "हं" म्हणतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहतो, तसलं ते होतं. मी स्वतः तसं "हं" शेकडो आयांसमोर म्हटलंय, तेव्हा मला ठाऊक नव्हतं ते कसं लागतं. "काय हं?" "काही नाही गं. त्यातले दोन हजार एकशे नव्वद एकाच पेपरचे आहेत." "कुठल्या?" मी विचारलं. विचारायला काय जातंय, मला माहीत होतं. "चमच्यांच्या," ती म्हणाली, आणि हसू दाबायला तिनं कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

म्हणजे बाकीच्या सेहेचाळीस पेपरांना मिळून एकशे अठ्ठावीस. त्या सेहेचाळिसांत माझी बावीस वर्षं आहेत. कमी वजनाच्या बाळांच्या टाचेतून थेंब थेंब रक्त घ्यायचं, तेही असं की आईला कळू नये आणि बाळाला कळलं तरी लगेच विसरावं. त्या थेंबावरून शोधायचं की ह्या जिवानं आईच्या पोटातून बरोबर आणलेलं लोह कितव्या महिन्यात संपतं. काचेच्या बारीक नळीत रक्त चढायचं तेव्हा मी श्वास धरून ठेवायची. अजूनही रस्ता ओलांडताना धरते, ती सवय तिथलीच. नऊशे चौदा टाचा. प्रत्येक टाच मला आठवते असं मी लोकांना सांगते, ते अर्थात फेकते, पण चाळीसेक खरंच आठवतात. एक टाच होती, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. त्या कामाचा मुख्य पेपर, ज्याच्यावर मी तीन वर्षं बसले, जो छापून आला तेव्हा मी जर्नलचा अंक उशाशी घेऊन झोपले, त्याला हवाले किती? नात बोट फिरवत खाली खाली गेली. "नऊ." आणि थोडं थांबून, तिचा स्वभाव मुळात चांगला आहे म्हणून थांबून, "त्यातले सहा तुझेच आहेत आजी."

मग कोण देणार? मीच मला ओळखत होते. आणि त्यावर ते एक इंडेक्स काढतात, माणसाची सगळी अक्कल एका आकड्यात. माझा पाच आला. पाच! नातीनं समजावून सांगितलं, म्हणजे असे पाच पेपर की ज्यांना प्रत्येकी निदान पाच हवाले आहेत. मी म्हटलं, बाई गं, हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही. ती म्हणाली, "कुठला?" मी म्हटलं, "काही नाही, तू भर तुझा फॉर्म."

चमच्यांचं असं झालं होतं. एक आई ताप आलेलं पोर घेऊन आली. औषध दिलं, दोन चमचे दिवसातून तीनदा असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पोर गुंगीत परत आलं, डोळे उघडेना. मी विचारलं किती दिलंत, तर म्हणे तुम्ही सांगितलं तेवढंच. चमचा आणायला लावला. तो चमचा कसला, छोटी वाटीच ती, दांडा लावलेली. पोर वाचलं, पुढे फार द्वाड निघालं असं ऐकलं. पण मी त्या दिवसापासून वॉर्डातल्या प्रत्येक आईला सांगत सुटले, घरी ज्या चमच्यानं औषध देता तो घेऊन या. आणि त्या आणायच्या. रुमालात गुंडाळून, घासूनपुसून, जसा काही मी त्यांच्या संसाराचा निकाल लावणार होते. कुणाचा दांडा वाकलेला, कुणाचा कडेला झिजून तिरका, एकीनं तर लाजत लाजत चमचा दिला आणि म्हणाली, "बाई, घरात हा एकच आहे, लवकर द्याल ना?" मी सिरिंजनं काठोकाठ पाणी भरायची, तीनदा मोजायची, वहीत पेन्सिलीनं मांडायची. हात ओले असायचे, शाई फुटते. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे विभागाचे प्रमुख, दारातून डोकावून म्हणायचे, "काय बाई, चमचे मोजताय? मग माझ्या केबिनबाहेर उभ्या राहा की, रांग लागलेली असते." सगळे हसायचे. मीही हसायची. त्या हसण्याचं मला अजून काहीतरी देणं लागतात ते लोक.

तीनशे अकरा चमचे झाले. सगळ्यात मोठा आठ मिली, सगळ्यात लहान दोन पूर्णांक सहा. वही घेऊन मी मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिले. त्यांनी पान उलटलं, दुसरं उलटलं. "म्हणजे तिप्पट फरक," ते म्हणाले. "हो." "बाई, तिप्पट कोण छापतो? चार-पाचपट असतं तर गोष्ट होती." आणि फोन घेतला. त्यांची तशीच पद्धत होती, समोरच्याला घालवायचं असलं की फोन घ्यायचे. कधीकधी वाजलेला नसतानासुद्धा. मी घरी आले. टेबलाशी बसून स्वच्छ प्रत करायला घेतली. त्या खोलीतली दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ मला अजून दिसते, टाइपरायटरची फीत सुकलेली, खिडकीची एक काच पुठ्ठ्याची, आणि माझी लेक, तेव्हा सहा वर्षांची, कॉटखाली पालथी पडून बॅटरीनं काहीतरी शोधतेय. फक्त पावलं बाहेर. "काय हरवलं गं?" मी न बघता विचारलं. "काही नाही," ती कॉटखालून म्हणाली. आठ दिवस ती ते काही नाही शोधत होती. का कोण जाणे, ह्या सगळ्या आठवणीत ती पावलं फार मोठी दिसतात, खोलीभर. असो.

पेपर अर्ध्या पानाचा निघाला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, घराघरातल्या तीनशे बारा चमच्यांत पाचपट फरक आढळला. बस. ती ओळ सुटली ती सुटलीच. मेली, घरातून पळून गेलेल्या पोरीसारखी गावोगाव नाव काढत फिरली. नातीनं त्या दिवशी मला काही हवाले वाचून दाखवले. एकानं मला पुरुष केलंय. एकानं तीनशे बाराचे तीन हजार एकशे वीस केले, का तर त्याच्या हातून एक शून्य जास्त पडलं, आणि मग त्याच्यावरून नऊ जणांनी तेच उतरवून घेतलं. एकानं लिहिलंय की मी सूपचे डाव मोजले. कुणीही, गळ्याची शपथ, कुणीही दुसरी ओळ वाचलेली नाही. दुसऱ्या ओळीत मी लिहिलं होतं की बहुतेक चमचे चार ते सहा मिलीत बसतात, आणि खरा धोका चमच्याचा नसून आम्ही डॉक्टर तोंडानं नुसतं "चमचा" म्हणतो त्याचा आहे. ते महत्त्वाचं होतं. ते कुणाला नको होतं. सगळ्यांना पाचपट हवं होतं. मला एकदम इतका राग आला की मी उठून गॅस बंद केला, जो लावलेलाच नव्हता.

"आजी, बस गं. अजून एक आहे," नात म्हणाली. संस्थेकडे एक इमेल आला होता, तो त्यांनी तिच्याकडे ढकलला होता. परदेशातला एक संख्याशास्त्रज्ञ, जगभरातले असले सगळे अभ्यास गोळा करून एकत्र मांडतोय. त्यावरून औषधाच्या बाटलीबरोबर मापाचा प्याला सक्तीचा करायचा की नाही ते ठरणार म्हणे. पत्र फार अदबीचं होतं. लिहिलं होतं, आपला अभ्यास या विषयातला सर्वांत जास्त उद्धृत झालेला आहे, परंतु आपला सर्वांत लहान चमचा, एक पूर्णांक सहा मिली, बाकी कुठल्याच देशात, कुठल्याच अभ्यासात सापडत नाही. आपल्याकडे मूळ नोंदी असतील का? शुक्रवारपर्यंत कळवल्यास उपकार होतील. तो दिवस गुरुवार होता. सेहेचाळीस वर्षांत दोन हजार एकशे नव्वद माणसांनी तो पेपर दाखवला, आणि त्यातल्या एकालाच, ह्या एकालाच, वाटलं की बाई, तो चमचा दाखवा बघू. मला त्याचा राग यावा की त्याला मिठी मारावी ते कळेना. माझ्या टाचांच्या पेपरकडे कुणी असं बघितलं असतं तर! एकानं जरी लिहिलं असतं की बाई, तुमच्या अमुक बाळाचा आकडा मला पटत नाही, तर मी त्याला घरी जेवायला बोलावलं असतं. खऱ्याला कुणी हटकलंच नाही.

"लिहून टाकू की वही हरवली," नात म्हणाली. "सगळे तेच लिहितात." तिच्या आवाजात काळजी होती आणि मला ती कळत होती. तिच्या प्रबंधाचं पहिलंच वाक्य ते पाचपटवालं आहे, खाली हवाला म्हणून आजीचा पेपर. विभागात तिला चमचेवाल्या बाईंची नात म्हणतात, थट्टेत म्हणतात, पण ओळखतात तरी. फॉर्मवर दोन हजार तीनशे अठरा लिहायचे. तो पेपर खोटा ठरला तर माझ्या नावावर उरणार एकशे अठ्ठावीस, त्यातलेही किती माझेच कोण जाणे. मी म्हटलं, "हरवली कशी? कपाटात वरच्या फळीवर आहे, जुन्या चादरींच्या खाली. स्टूल घे."

वहीला अजून तोच वास होता, ओल्या पुठ्ठ्याचा आणि वॉर्डातल्या फिनेलचा. नात पानं उलटत होती आणि मी तिच्या बोटांकडे बघत होते. खाट नंबर, चमचा कशाचा, तीन मापं, सरासरी. खाट नंबर, चमचा कशाचा. माझं अक्षर किती धीट होतं तेव्हा. ती शेवटच्या पानाशी आली आणि थांबली. "आजी, हे बाकीचं सगळं पेन्सिलीत आहे. हा एकच शाईत का?" पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय. "आणि खाटेच्या जागी नुसती रेघ आहे. प्लास्टिक लिहिलंयस. औषधाचा चमचा प्लास्टिकचा?" खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती पीं पीं करत होती. मला वाटलं तिनं असंच मागे मागे जात राहावं.

"तो तुझ्या आईचा प्रताप," मी म्हटलं.

आणि मग मी सांगितलं. की तुझी आई तेव्हा सहा वर्षांची. तिला वाटायचं आई सगळ्यांचे चमचे मोजते, माझा मोजत नाही. मग एके दिवशी तिनं गुपचूप आपल्या बाहुलीचा चमचा माझ्या पिशवीत टाकला. घरी पिशवी उपसताना तो निघाला. ती दाराआड उभी, डोळे हे एवढे. मग मी तिच्या समाधानासाठी तो रीतसर मोजला, तीनदा, आणि वहीत लिहिला, शाईनं, आणि तिला दाखवला. पुढे टायपिस्टनं पान जसंच्या तसं उतरवलं आणि माझ्या नजरेतून निसटलं. नात इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे दोन हजार एकशे नव्वद शास्त्रज्ञांनी आईच्या बाहुलीचा चमचा उद्धृत केलाय?" गोष्ट जमली की ऐकणाऱ्याच्या खांद्यावरून कळतं, ते आधी वर जातात आणि मग सैल सुटतात. तिचे सुटले. प्रबंधाचं वाक्य मोडलं तरी सुटले. मी पण हसले. मी चांगली सांगते, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

तिनं लगेच आईला फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. माझी लेक दुसऱ्या शहरात असते, शाळेत शिकवते, माझ्या कामाबद्दल जन्मात कधी विचारत नाही. "आई, ऐक ना, तुझा गुन्हा पकडलाय!" म्हणून नातीनं सगळं धडाधडा सांगून टाकलं, पिशवी, दार, हे एवढे डोळे. पलीकडे वर्गातल्या पोरांचा गलका येत होता. मग लेकीनं कुठलंसं दार लावलं असावं, कारण गलका थांबला. मी टेबलावरच्या कपाच्या ओल्या गोलावर बोट फिरवत होते, एकदा, दोनदा.

"आई आहे का तिथे?" लेकीनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"कुठल्या रंगाचा होता गं तो?"

"हिरव्या दांड्याचा."

"हो," ती म्हणाली. "हिरव्याच दांड्याचा." मग अगदी शिकवताना बोलते तशा आवाजात, "बरोबर आहे. मीच टाकला असणार. लहान होते. चल, तास आहे माझा."

नात म्हणाली, "बघ, कबूल!" मी म्हटलं, "हो ना."

दुपारी आम्ही दोघींनी पत्र लिहिलं. तीनशे बारावा चमचा रद्द समजावा. खरे चमचे तीनशे अकरा, सर्वांत लहान दोन पूर्णांक सहा, फरक पाचपट नव्हे, सुमारे तिप्पट. वहीच्या पानांचे फोटो जोडले. कारण म्हणून नातीनं तो बाहुलीचा किस्सा दोन ओळींत, फार गोड करून लिहिला. मला वाटलं होतं आता आकाश कोसळेल. एका तासात उत्तर आलं. संख्याशास्त्रज्ञ लिहीत होता की तिप्पट फरकसुद्धा निष्कर्षाला पुरून उरतो, मापाचा प्याला लागणारच, काहीच बिघडत नाही. काहीच बिघडत नाही! म्हणजे तिप्पट पुरलं असतं. तेव्हाही पुरलं असतं. फोन कानाला लावून बसलेला तो मोठा डॉक्टर, आणि मी, आम्हा दोघांनाच ते पुरेना. आणि पुढे त्यानं लिहिलं होतं, बाहुलीच्या चमच्याची हकिकत मला फारच भावली. आपली परवानगी असेल तर आमच्या लेखाच्या तळटीपेत घेतो. संशोधिकेच्या लहान मुलीनं खोडसाळपणे मिसळलेला चमचा, असं. हा लेख पुष्कळ वाचला जाईल, पुष्कळ उद्धृत होईल.

नात म्हणाली, "वा! आई फेमस! हो म्हणून कळवते." मी म्हटलं, "थांब. मी कळवते. मला येतं इमेल." ती कामावर गेली. मी लॅपटॉप पुढे ओढला. पुष्कळ उद्धृत होईल. परत कुणी दुसरी ओळ वाचणार नाही, परत एक जण दुसऱ्याचं उतरवून घेईल, कुणीतरी त्या मुलीचा मुलगा करेल, कुणीतरी तीन वर्षांची करेल, आणि ती शाळेत फळ्यापाशी उभी राहून तास घेत असेल. माझ्या कपाटात खालच्या खणात एक पेन्सिलीचा डबा आहे. त्यात तुटके खडू, दोन पिना, आणि तो. तो मी टाकूही शकले नाही आणि देऊही शकले नाही. बोटभर लांब आहे. पाणी मात्र अगदी खरं मावतं त्यात, एक पूर्णांक सहा, मोजण्यात मी लबाडी केली नाही.

एका बोटानं टाइप करते, वेळ लागतो. आत्तापर्यंत एवढं झालंय: महोदय, तळटीप जरूर घ्या, पण त्यात माझ्या मुलीचा उल्लेख करू नका, माझा करा.

बाकी सगळं शपथेवर खरं आहे. एवढाच एक तपशील मी रचला, की चमचा तिनं पिशवीत टाकला. ती तेव्हा झोपली होती. बाहुली शेजारी होती, आणि चमचा बाहुलीच्या हातात.